न दिलेली फाइल

'संहिता' हा शब्द मराठीत आपण निरनिराळ्या ठिकाणी वापरतो. वेदांच्या संहिता असतात, नाटकाची संहिता असते, आणि आचारसंहिता वा दंडसंहिताही असते. इंग्रजीतल्या 'कोड' या शब्दाचा प्रवासही साधारण असाच झाला आहे. लाकडी फळ्या एकत्र बांधून केलेल्या वहीला लॅटिनमध्ये 'कोडेक्स' म्हणत. पुढे त्याचा अर्थ ग्रंथ, मग कायद्याचा ग्रंथ असा होत गेला, आणि विसाव्या शतकात संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या लेखनालाही 'कोड' म्हटले जाऊ लागले. तेव्हा 'कोड रिव्ह्यू' या शब्दप्रयोगाचे मराठी करायचे झाले, तर 'संहितेची समीक्षा' असे करावे लागेल. हे दोन्ही शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याच्या रोजच्या वापरातले आहेत. माझ्यासारख्या साहित्याच्या शिक्षकाने या परक्या मुलखात पाऊल टाकण्याचे धाडस करावे, ते एवढ्याच आधारावर.

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. मराठी घेऊन बी. ए. झाल्यावर तो संगणकाच्या शिक्षणाकडे वळला आणि आता पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. 'सर, हल्ली आमच्याकडे यंत्र समीक्षा करतं,' असे म्हणत त्याने मांडीवर लॅपटॉप उघडला. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक खूण. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. त्याने एक ओळ टंकली: आधी मदतनिसाचे नाव, मग तीन फाइलींची नावे, आणि शेवटी अवतरणचिन्हांत एक साधे वाक्य, 'हे तपासून दोष सांग.' काही क्षणांत पडद्यावर नीटनेटका, मुद्देसूद मजकूर उमटू लागला. वर्गात एखादी कविता वाटून 'रसग्रहण करा' म्हणावे आणि शाई वाळायच्या आत उत्तरपत्रिका हातात यावी, तसे ते दृश्य होते.

ही ओळ टंकण्याची रीत जुनी आहे. एका कार्यक्रमाचे फलित दुसऱ्याच्या तोंडी सरळ देता यावे, ही कल्पना बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी १९६४ साली एका टिपणात मांडली होती, आणि त्यासाठी बागेतल्या रबरी नळीचे तुकडे एकमेकांना जोडण्याचा दृष्टांत दिला होता. १९७३ मध्ये 'युनिक्स' प्रणालीत ती कल्पना प्रत्यक्षात आली. आज त्याच नळीतून फाइल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतनिसाकडे सोडली जाते. नळी तीच आहे. फरक इतकाच, की पूर्वी तिच्या दुसऱ्या टोकाला ओळी मोजणारे किंवा शब्द शोधणारे अवजार असे, आणि आता तिथे 'वाचक' असल्याचा भास होतो.

त्या दिवशी या वाचकाने दोन गोष्टी सांगितल्या. ती संहिता पावत्या तयार करणाऱ्या एका प्रणालीची होती. वाचक म्हणाला, रक्कम शून्याहून कमी असेल तर काय, याची तपासणी इथे नाही, हा दोष आहे. माझा विद्यार्थी हसला. ती तपासणी चौथ्या एका फाइलीत होती, आणि ती फाइल त्याने दिलीच नव्हती. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. पावतीवर तारीख घालणारे काम वाचकाने निर्दोष ठरवले. वस्तुतः तारीख जिथून येत होती, त्या न दिलेल्या फाइलीत घड्याळ ग्रिनिचच्या वेळेचे होते. म्हणजे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत निघालेल्या प्रत्येक पावतीवर आदल्या दिवसाची तारीख पडली असती. १ एप्रिलच्या पहाटेची पावती तर मागल्या आर्थिक वर्षात जाऊन बसली असती. मदतनिसाने फक्त त्या कामाचे नाव पाहिले, 'आजची तारीख', आणि नावावरून आत काय असेल याचा अंदाज बांधला. हा दोष पुढे कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने पकडला, कारण पूर्वी एकदा त्याचे हात यातच पोळले होते.

'यात चूक त्याची नाही, सर,' विद्यार्थी म्हणाला. 'मी जे दिलं तेवढंच त्यानं वाचलं.' मला वाटते, या वाक्यात सगळा प्रश्न सामावला आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे आय. ए. रिचर्ड्स यांची आठवण व्हावी. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात केंब्रिजला त्यांनी विद्यार्थ्यांना कविता वाटल्या, त्या कवीचे नाव आणि काळ काढून टाकून. आलेल्या प्रतिसादांचा अभ्यास त्यांनी १९२९ च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात केला. संदर्भ काढून घेतला की चांगले, शिकलेले वाचकही कसे भरकटतात, हे त्यातून दिसले. पुढच्या समीक्षाव्यवहाराने त्यातून संहितेच्या निकट वाचनाची शिस्त घेतली, आणि कलाकृती स्वायत्त आहे की संदर्भाविना ती कळतच नाही, या वादात आपल्या पिढ्यान्पिढ्या गेल्या. संगणकाच्या संहितेबाबत मात्र या वादाला जागा नाही. तिथली एक फाइल कधीच स्वायत्त नसते. तिचा प्रत्येक शब्द दुसऱ्या कुठल्या तरी फाइलीत अर्थ पावतो. आणि तरीही मदतनिसापुढे तुकडा ठेवला की तो तुकड्यालाच पूर्ण कलाकृती मानून आत्मविश्वासाने लिहू लागतो. रिचर्ड्स यांच्या विद्यार्थ्याला निदान आपल्यापासून कवीचे नाव लपवले आहे, हे ठाऊक होते. या वाचकाला आपल्याला काय दिले गेलेले नाही, याची जाणीव आपण करून दिल्याशिवाय सहसा होत नाही.

मग सगळेच का देऊ नये, हा प्रश्न साहजिक आहे. माझ्या विद्यार्थ्यानेही तेच करून पाहिले. सबंध संग्रह दिल्यावर चाळीसेक शेरे आले: नावे बदला, टीप लिहा, ही ओळ फार लांब आहे. तारखेचा दोष त्यात होता, पण विसाव्यानंतर कुठेतरी, किरकोळ शेऱ्यांच्या गर्दीत. ज्याला तो आधीच माहीत होता, त्यालाच तो सापडला. मदतनिसाला एका वेळी किती मजकूर डोळ्यांपुढे धरता येईल, याला एक मर्यादा असते. ती गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढली आहे. परंतु दिसणे आणि ध्यानात येणे यांत अंतर आहे. २०२३ मध्ये नेल्सन लिऊ व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या एका अभ्यासात असे आढळले, की लांबलचक मजकुराच्या आरंभी किंवा अखेरीस असलेली माहिती ही प्रारूपे चांगली वापरतात, आणि मध्यभागी असलेली माहिती त्यांच्या हातून निसटते. साडेतीनशे पानी कादंबरी परीक्षेच्या आदल्या रात्री वाचणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट याहून वेगळी नसते.

या संदर्भात २०२५ च्या मे महिन्यात शॉन हीलन या सुरक्षासंशोधकाने प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार बोलका वाटतो. लिनक्सच्या गाभ्यात, जाळ्यावरून फाइली वाटण्याचे काम करणारा एक भाग आहे. त्यातला एक दोष हीलन यांनी आधी स्वतः वाचून शोधला होता. स्मृतीतली जागा मोकळी केल्यानंतरही तिचा वापर चालू राहणे, या जातीचा तो दोष. लॉजमधली खोली सोडून गेलेल्या पाहुण्याची किल्ली चालूच राहावी, तसा काहीसा प्रकार. हा दोष 'ओ-३' या प्रारूपाला सापडतो का, हे त्यांना पाहायचे होते. त्यासाठी त्यांनी आज्ञापंक्तीवरचे एक साधे अवजार वापरले आणि संहितेच्या सुमारे ३,३०० ओळी निवडून दिल्या. कुठल्या? ज्या कामात दोष होता ते काम, त्याने बोलावलेली कामे, त्यांनी बोलावलेली कामे, अशा तीन पायऱ्यांपर्यंतच्या. शिवाय जोडणी उघडण्या-मिटण्याच्या. सोबत हा भाग काय करतो याचे एक टिपण, आणि कोणत्या जातीचा दोष शोधायचा याची सूचना. हाच प्रयोग त्यांनी शंभर वेळा केला. शंभरपैकी ८ वेळा दोष सापडला. ६६ वेळा 'इथे दोष नाही' असे उत्तर आले. उरलेल्या बहुतेक उत्तरांत नसलेलेच दोष सांगितलेले होते. मग त्यांनी निवड सैल केली आणि सुमारे १२,००० ओळी दिल्या. आता तोच दोष शंभरपैकी एकदाच सापडला.

एवढ्यावर थांबलो तर हा लेख यंत्राविरुद्धचा ठरेल, आणि ते अन्यायाचे होईल. कारण त्या १२,००० ओळींवरच्या उत्तरांत हीलन यांना एक वेगळाच, कुणालाच ठाऊक नसलेला दोष मिळाला. एक वापरकर्ता बाहेर पडताना जागा मोकळी होते, आणि त्याच क्षणी दुसऱ्या वाटेने आलेले काम तिला अजून हात लावत असते. तो खरा होता. त्याहून महत्त्वाचे असे, की त्याचे वर्णन वाचताना हीलन यांच्या ध्यानात आले, की पहिल्या दोषावर आपण स्वतः सुचवलेला उपाय अपुरा होता. यंत्राच्या वाचनाने माणसाचे वाचन दुरुस्त केले. समीक्षेकडून याहून अधिक काय अपेक्षित असते?

मात्र हे घडले कोणाच्या हातून, हे विसरता येत नाही. ज्याने ती संहिता आधी स्वतः वाचली होती, कोणत्या ओळी पुढे ठेवायच्या हे ज्याला कळत होते, आणि आलेल्या उत्तरांचा ढीग उपसून खरा दोष वेगळा काढण्याची ज्याची तयारी होती, त्याच्या. माझे म्हणणे एवढेच आहे: या व्यवहारात समीक्षेचे पहिले आणि शेवटचे काम यंत्र करत नाही. पहिले काम म्हणजे काय वाचायला द्यायचे ते ठरवणे. शेवटचे काम म्हणजे आलेल्या मतांपैकी कोणते स्वीकारायचे ते ठरवणे. मधले काम आता अफाट वेगाने होऊ लागले आहे, म्हणून ही दोन टोके बिनमहत्त्वाची झाली असे आपण समजू लागलो, तर ती चूक आपली.

याची दुसरी बाजू पाहायची तर 'कर्ल' या प्रकल्पाकडे पाहावे. जाळ्यावरून माहिती आणण्या-पाठवण्याचे हे अवजार जगभरच्या असंख्य यंत्रांत बसलेले आहे, आणि डॅनियल स्टेनबर्ग व त्यांचे थोडे सहकारी त्याची देखभाल करतात. दोष दाखवणाऱ्याला तिथे बक्षीस मिळत असे. यंत्राकडून लिहून घेतलेल्या, भाषेने सफाईदार पण आशयाने पोकळ अशा तक्रारींचा इतका भडिमार झाला, की जानेवारी २०२६ च्या अखेरीस ते बक्षीस बंद करण्यात आले. आणि याच स्टेनबर्ग यांनी २०२५ च्या शरदात जोशुआ रॉजर्स या संशोधकाने यंत्रसाहाय्याने काढलेल्या दोषांच्या यादीचे मनापासून कौतुक केले होते. तिच्यामुळे पन्नासच्या आसपास दुरुस्त्या झाल्या. अवजारे थोडीफार निराळी असतील, पण मुख्य अंतर ती वापरणाऱ्यांत होते. एकाने आलेले उत्तर तसेच पुढे ढकलले, दुसऱ्याने ते आधी स्वतः वाचले. आपण न वाचलेले दुसऱ्याने वाचावे अशी अपेक्षा करणे हा, माझ्या मते, लेखनव्यवहारातला सगळ्यांत जुना उद्धटपणा आहे.

फाइल पुढे ठेवण्यात आणखी दोन जोखमी आहेत, आणि त्या साहित्याच्या अभ्यासकाला विचारात पाडतील. पहिली खासगीपणाची. संबंध संग्रह दिला की त्यात गुप्तशब्द ठेवलेली फाइलही जाते, दुसऱ्याच्या मालकीच्या दूरच्या यंत्रावर. दुसरी अधिक चमत्कारिक आहे. वाचायला दिलेला मजकूर आणि वाचणाऱ्याला केलेली सूचना, हे दोन्ही मदतनिसापुढे अखेर शब्दांच्या एकाच प्रवाहातून येतात. त्यामुळे फाइलीतल्या एखाद्या टिपेत कुणी 'यापुढील दोषांकडे दुर्लक्ष कर' असे लिहून ठेवले, तर समीक्षक ते पाळण्याची शक्यता राहते. अशा छुप्या आज्ञांपासून प्रारूपांना वाचवण्याचे प्रयत्न सतत चालू आहेत, पण प्रश्न पुरता मिटलेला नाही. संहिता वाचकावर परिणाम करते, असे आपण वर्गात नेहमी सांगतो. संहिता वाचकाला हुकूम देते आणि वाचक तो मुकाट्याने मानतो, ही अवस्था मात्र आपल्या कोणत्याही वाचनसिद्धान्ताने कल्पिली नसेल.

माझ्या या भूमिकेवर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. नवी मदतनीस अवजारे स्वतःच संग्रहात हिंडतात, लागेल ती फाइल शोधून उघडतात. तेव्हा निवडीचे काम माणसाकडे उरले कुठे? शिवाय माणसांच्या समीक्षेचा इतिहास तरी कुठे निष्कलंक आहे? 'ओपनएसएसएल' या संहितेत २०११ च्या अखेरीस एक बदल आला, तो माणसानेच तपासून स्वीकारला, आणि त्यातला 'हार्टब्लीड' हा भयंकर दोष २०१४ पर्यंत कुणाच्या लक्षात आला नाही. मधल्या काळात जगातली कितीतरी संकेतस्थळे उघडी पडली होती. हे मान्यच करायला हवे. थकलेला माणूस नावावरूनच अंदाज बांधतो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तपासताना आपल्यापैकी कोणी ते केले नाही?

तरीही मला पीटर नाउर आठवतात. या डॅनिश संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले, की आज्ञावली लिहिणे म्हणजे मुळात एक उपपत्ती घडवणे, आणि ती उपपत्ती लिहिणाऱ्यांच्या मनात असते. कागदपत्रांत ती पूर्णपणे उतरत नाही. त्यांनी एक उदाहरण दिले आहे. एका गटाने घडवलेली प्रणाली दुसऱ्या गटाने वाढवायला घेतली. दुसऱ्या गटाकडे सगळी संहिता होती, सगळी टिपणे होती, सल्लाही मिळत होता. तरी त्यांनी सुचवलेले बदल मूळ रचनेची ताकदच मोडून टाकणारे निघाले, आणि पहिल्या गटाला ते पाहताक्षणी कळले. याचा अर्थ असा, की संग्रहातली प्रत्येक फाइल उघडण्याची मुभा दिली तरी एक फाइल न दिलेलीच राहते, कारण ती कुठे लिहिलेलीच नसते. हे असे का केले, दुसरे काय सुचले होते, ते का टाकून दिले, पूर्वी कशाने हात पोळले होते, हे सारे त्या न लिहिलेल्या फाइलीत असते. आमच्या गोष्टीतल्या त्या ज्येष्ठ सहकाऱ्याने तारखेचा दोष पकडला तो याच फाइलीच्या बळावर.

आणि मला खरी काळजी आहे ती या फाइलीची. कार्यालयांतली समीक्षा केवळ दोष काढण्यासाठी कधीच नव्हती. १९७६ मध्ये आय. बी. एम.च्या मायकेल फॅगन यांनी संहितातपासणीची जी औपचारिक पद्धत मांडली, तिच्यात चारपाच माणसे एकत्र बसत, एक जण संहिता क्रमाने उलगडून सांगे, इतर जण प्रश्न विचारत, आणि बैठक दोन तासांपलीकडे ताणायची नाही असा दंडक होता. ती पद्धत त्या स्वरूपात फारशी उरली नाही. पण थोरल्याने धाकट्याची संहिता वाचायची आणि धाकट्याने थोरल्याची, ही रीत उरली, आणि तिच्यातूनच न लिहिलेली फाइल एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जात असे. माझा विद्यार्थी म्हणाला, 'नवी मुलं आता आम्हांला विचारत नाहीत, सर. यंत्राला विचारतात. ते चिडत नाही.' यंत्र चिडत नाही, हा त्याचा गुण खराच. पण ज्येष्ठाचे चिडणे हीदेखील कधीकधी माहिती असते. इथे काहीतरी घडून गेले आहे, हे त्यातून कळते.

म्हणून यंत्राची समीक्षा नको, असे मी म्हणणार नाही. माझ्या विद्यार्थ्याला मी इतकेच सुचवले, की फाइली देण्याआधी एका कागदावर दोन ओळी लिही: यातली कोणती फाइल देतो आहेस आणि का, कोणती देत नाहीस आणि का. त्या दोन ओळी जमल्या, तर तू ती संहिता वाचली आहेस. जमल्या नाहीत, तर यंत्राचे उत्तर कितीही सुंदर आले तरी ते खरे की खोटे हे तुला कळणार नाही. आणि नव्या मुलांपैकी एकाला शेजारी बसवून त्या ओळी मोठ्याने वाचून दाखव.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'सर, तुम्ही आम्हांला कवितेच्या पेपरात हेच करायला लावायचात. कोणत्या ओळी उद्धृत केल्या नाहीत, ते लिहा, म्हणायचात.'

मी ते विसरलो होतो. ते त्याच्याकडे राहिले होते.